हळदीला नको असलेला आवाज

जीपमध्ये पहिलं गाणं वाया जातं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या गायकाला मी सगळ्यात आधी हे सांगायचो. शहापूरच्या एस.टी. स्टँडसमोर किन्हवलीची जीप भरत असते, ड्रायव्हर मागच्यांना "अजून जरा सरका" म्हणत असतो, कुणाच्या पायाशी खताची गोणी, कुणाच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. या सगळ्यात पहिलं गाणं कधी संपलं ते कुणाला कळत नाही. जीप हायवे सोडून आत वळली, वारा लागला, की माणसं गप्प होतात आणि तेव्हा दुसरं गाणं सुरू असतं. म्हणून तुझं सगळ्यात चांगलं गाणं दुसरं टाक, असा माझा सल्ला. पोरं मान डोलवायची आणि स्टुडिओत जाऊन चांगलं गाणं पहिलंच टाकून यायची. हौस दम काढू देत नाही.

माझं कॅसेटचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हळदीची गाणी म्हणणारा जो कोणी उठला, तो एकदा तरी माझ्या दुकानाची पायरी चढला असेल. लोकांना वाटायचं, मी कॅसेट विकतो. विकायचोच, पण माझं खरं काम वेगळं होतं. नवीन गायकाचं नाव लोकांच्या कानावर घालणं. हल्ली त्याला प्रमोशन म्हणतात. आम्ही 'गाणं फिरवणं' म्हणायचो, आणि ते खरोखरच फिरवावं लागायचं, कारण रेडिओ आम्हाला विचारत नव्हता आणि टीव्हीवाल्यांना आमचे तालुके नकाशावर सापडले नसते.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद लग्नापेक्षा मोठी. मांडवात काय वाजतं ते सगळं गाव ऐकतं. तेव्हा गायकाचा खरा मालक म्हणजे स्पीकर लावणारा मंडपवाला. त्याला नवी कॅसेट नुसती देऊन भागत नसे, त्याच्याशेजारी बसून चहा पीत ती ऐकवावी लागे. मग जीपवाले. मग बँजो पार्टी. बँजोवाल्यांनी चाल उचलली, शब्दांशिवाय वाजवली आणि नाचणाऱ्या पोरांपैकी कुणी "हे कुनाचं रे?" म्हणून विचारलं, की समजायचं गाणं सुटलं. आणखी एक युक्ती होती, ती मी शोधली असं मला अजून वाटतं. गाण्याच्या एका ओळीत गावाच्या नावापुरती जागा ठेवायची. स्टुडिओत तेवढीच ओळ डोळखांबचं नाव घालून एकदा गायची, धसईचं घालून एकदा, सरळगावचं घालून एकदा. आपल्या गावाचं नाव ऐकलं की माणूस कॅसेट घेतोच. एका हंगामात माझ्याकडून खोके बदलले आणि धसईच्या मांडवात डोळखांबच्या नवरीचं कौतुक वाजलं. धसईकर दुसऱ्या दिवशी दुकानात आले होते. ते प्रकरण मी चहावर मिटवलं, पण पुढं बरीच वर्षं धसईचं गिऱ्हाईक कॅसेट घेताना आधी वाजवून दाखवायला सांगायचं.

प्रत्यक्ष मांडवात गायला बसणाऱ्याला याहून अवघड काम असतं. त्याला नाती तोंडपाठ लागतात. तो गाण्यात ज्या बाईचं नाव घेतो तिनं उठून पुढं यायचं आणि नवरीला किंवा नवऱ्याला हळद लावायची, असा आमचा रिवाज. आधी आई, मग मामी, मावशी, काकी. एखादी राहून गेली तर रुसवा पुढच्या पिढीपर्यंत चालतो. आणि विधवेचं नाव घ्यायचं नाही. हे कुणी शिकवत नाही, पण गायक मांडवात शिरला की पहिल्यांदा तेच विचारून घेतो.

एवढं सांगितलं, कारण त्याशिवाय बबनची गोष्ट कळायची नाही.

बबन माझ्या थोरल्या बहिणीच्या गावचा. किन्हवलीच्या पुढं, डांबरी सोडून आत गेलं की ते गाव. घरची भातशेती, आणि हा मुरबाडच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला. माझ्याकडे येणाऱ्या पोरांची मी एक परीक्षा घ्यायचो. दुकानाच्या पायरीवर उभं राहून गा म्हणायचो. समोर स्टँड, एस.टी.चा हॉर्न वाजला की सगळे दचकून थांबायचे. बबन थांबला नाही. हॉर्न वाजला तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि ओळ पुरी केली. त्याचा आवाज गोड नव्हता. भरलेला होता, आणि ओळीच्या टोकाला किंचित हलायचा, भरलेली कळशी डोक्यावर घेऊन चालताना पाणी हलतं तसा. मी त्याला विचारलं, "कोणाकडे शिकलास?"

"तुमच्या भाऊजींकडं," तो बोलला. "त्यांनीच धाडलंय."

माझे भाऊजी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मला त्यांनी बबनबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. वशिल्यानं आलेल्या पोराकडे मी बघत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

आम्ही कल्याणच्या एका लहानशा स्टुडिओत कॅसेट केली. बबननं चांगलं गाणं दुसरं टाकलं. एवढ्या वर्षांत माझं ऐकणारा तो एकटाच. कव्हरवर त्याचा फोटो, चुलतभावाचा गॉगल घालून. चैत्रात त्यांच्या गावच्या देवीची जत्रा असते, तिथंच कॅसेट लोकांपुढं आणायची ठरली. मी तयारी जोरात केली होती. माझ्या ओळखीचा मंडपवाला फुकट स्पीकर लावणार होता. मुरबाडकडची बँजो पार्टी येणार होती. शेणव्यापासून सरळगावपर्यंतचे जीपवाले मी बोलावले होते. एका दिवसात दोन तालुक्यांत नाव पोचलं असतं. लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि कॅसेटचं आयुष्य एकाच हंगामाचं असतं. त्यात चालली तर चालली, नाहीतर पावसाळ्यात बुरशी.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी खोके घेऊन गावात उतरलो तेव्हा मंडपवाला आंब्यावर चढून कर्णा बांधत होता. खालून कोणीतरी त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि बांधलेली दोरी सोडायला लागला. मला राग आला. मी ओरडून विचारलं, काय चाललंय. तो खाली उतरला, कर्णा जमिनीवर पालथा ठेवला आणि माझा हात धरून बोलला, "शेठ, तुमचे भाऊजी गेले. बांधावर बसल्या बसल्या गेले."

गावात मयत असेल तर आमच्याकडे वाजप होत नाही. जत्रा असो, लग्न असो. ताशा नाही, स्पीकर नाही, शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा बंद. बँजोवाले आले आणि वेशीवरच गाडीतल्या पेट्यांवर चादर टाकून पायी आत आले. जीपवाले आले. आजूबाजूच्या गावांतून जत्रेला निघालेली माणसं आली ती सगळी ताईच्या अंगणात उभी राहिली. मी बोलावलेलं सगळं गिऱ्हाईक माझ्या भाऊजींच्या मयताला हजर होतं.

भजनी मंडळाचे बुवा आजारी होते आणि पखवाज वाजवणारा तिरडीवर होता. टाळकरी एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेव्हा बबन पुढं आला. नवा शर्ट त्यानं काढून ठेवला होता, अंगात घरातला जुना सदरा होता. त्यानं अभंग धरला. आमच्याकडे घरापासून ओढ्यापर्यंत गात नेतात. त्या वाटेवर पखवाजाशिवाय, माइकशिवाय, नुसत्या टाळांवर तो गात होता, आणि थोड्या वेळानं टाळकऱ्यांचे हातही हळू झाले, त्याला ऐकता यावं म्हणून. मी भाऊजींच्या डोक्याकडच्या बाजूला खांदा दिला होता. रडत होतो. भाऊजींनी पोर माझ्याकडे का धाडलं ते मला त्या वाटेवर कळलं, आणि ते ऐकायला भाऊजी आता नव्हते याचं फार वाईट वाटलं.

तिथून पुढं जे झालं तशी जाहिरात मी जन्मात कुणाची केली नाही. महिन्याभरात कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत बबनचं नाव झालं. गावात कुणी गेलं की बबनला माणूस धाडायचे. मयताचं बोलावणं परतवत नाहीत आणि त्याचं काही घेतही नाहीत, हा आमचा दंडक. बबन कारखान्यातली पाळी बदलून जायचा, नाही बदलली तर खाडा करून जायचा. एकदा भातसानगरहून धरणावरचे लोक गाडी घेऊन आले होते, त्यांचे कोणी म्हातारे शिक्षक गेले म्हणून. त्या मंडळींचं मूळ गाव कुठल्या कुठं, पण त्यांनाही हाच आवाज हवा होता.

आणि हळदीच्या कॅसेटचे खोके माझ्या माळ्यावर तसेच.

मंडपवाल्याला मी विचारलं, तर तो अवघडला. "शेठ, कॅसेट झ्याक हाय. खोटं नाय बोलत. पन मी परवा खरिवलीकडं लावली. दुसरं गाणं सुरू झालं आनि नवऱ्याची आजी उठून बसली. बोलली, बंद कर रे, हा आवाज आमच्या ह्यांना न्यायला आलेला." त्यानं कॅसेट परत माझ्या हातात दिली. पाठोपाठ मुरबाडकडचं एक गिऱ्हाईक कॅसेट बदलून मागायला आलं. मी म्हटलं, फीत गुंडाळली का? तो बोलला, "फीत बरोबर हाय हो. बायको जेवन टाकून रडत बसते. बापाच्या मयताला ऐकला ना तिनं." मी बदलून दिली. काय करणार?

या सगळ्यांत एक म्हातारी माझ्या कायम लक्षात राहिली. लेकाला पायरीखाली उभं करून एकटी वर आली. म्हणाली, बबन गाणारा तुमच्याच हातातला ना? मग नाव लावून ठेवा माझं.

मी विचारलं, "कशासाठी आजी?"

"माज्यासाठी. मी गेल्यावर हा धाडंल न धाडंल. आताच सांगून ठेवते." तिनं खाली लेकाकडे बोट केलं. "आनि आवाज आधी ऐकव. न ऐकता कशी घेऊ?"

मी तिला हळदीचं गाणं ऐकवलं, दुसरं काही नव्हतंच. ती डोळे मिटून सगळं ऐकत बसली. मग बोलली, "चांगला हाय. पन माज्या टायमाला हे नको म्हनू दे." मी हसलो. ती हसली नाही.

मी हट्टाला पेटलो होतो. धंद्याचा भाग होताच, पण तेवढंच नव्हतं. एवढा आवाज लोकांनी एका खोलीत कोंडून ठेवावा, हे मला सहन होत नव्हतं. बबनला हळदीत गायचं होतं. त्याला नाचणारी माणसं समोर हवी होती. तो मला एकदा म्हणाला होता, "दादा, मी गातो तवा समोरचा मानूस रडतो. एकदा तरी नाचावा ना." मी दुसरी कॅसेट काढली आणि नाव बदललं. कव्हरवर 'सागरकुमार', फोटो बँजो पार्टीतल्या एका देखण्या पोराचा. ही कॅसेट फक्त मुरबाडच्या बाजूला सोडली, टोकावड्याच्या पुढं, जिथं बबनचं तोंड फारसं कुणी पाहिलं नव्हतं. आवाज ओळखू नये म्हणून बँजो जोरात ठेवला.

ती चालली. बँजोवाल्यांनी चाल उचलली, जीपमध्ये वाजायला लागली, आणि एक दिवस एका गावातून माणूस आला, "सागरकुमार हलदीला येतील का?" मी हो म्हणून टाकलं. कव्हरवरचं तोंड वेगळं, येणारा वेगळा, याचं काय सांगायचं ते बबननंच ठरवलं. तो बोलला, फोटो जुना आहे म्हणा.

मी त्या हळदीला गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी बबन दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात नारळ होता आणि खांद्यावर टॉवेल, मानपानाचा. मला वाटलं, जमलं. त्यानं नारळ काउंटरवर ठेवला.

"कसं झालं?"

"झालं," तो म्हणाला. "पहिलं गानं झालं. दुसरं झालं. पोरं नाचली, दादा. लय नाचली." मग बोलला, "मंग किन्हवलीकडचा एक पाहुना उठला. बोलला, हा कसला सागरकुमार, हा तर आमचा मयताचा बबन. सगलं गप झालं. नवऱ्याची आय आली. रागावली नाय ती. हात जोडून बोलली, दादा, जेवून जा, पन आता गाऊ नको."

"मग?"

"जेवलो. नाय कसा म्हनू? तिनं स्वता वाढलं."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून नारळाशेजारी ठेवला. मी पुढच्या कॅसेटचं काहीतरी बोलायला गेलो तर त्यानं मला पहिल्यांदाच अडवलं. "आता नाव बदलायचं नाय, दादा. त्या बाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिच्या मांडवात चोरासारखा शिरलो. आता जिथं गाईन तिथं बबन म्हनूनच. नाय बोलावलं तर नाय."

त्यानंतर बरीच वर्षं कुणी बोलावलं नाही, म्हणजे हळदीला. मयताची बोलावणी चालूच होती. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. पोरं भातसाच्या पाण्याकाठी नाचून व्हीसीडी काढायला लागली, त्यात आवाजापेक्षा शर्टाचा रंग महत्त्वाचा झाला. मग मोबाइल आले, कार्डात गाणी भरून द्यायची वेळ आली, आणि मी दुकान आवरलं. मी ज्यांना फिरवलं त्यातले काही पुढं बरे निघाले, एकानं गाडी घेतली, एकजण अजून दिवाळीला मिठाई धाडतो. लोक मला विचारतात, तुमच्या हातून गेलेला सगळ्यात मोठा गायक कोण? मी बबनचं नाव सांगतो. त्यांनी ते ऐकलेलं नसतं, किंवा ऐकलेलं असतं आणि ते गप्प होतात.

माझ्या मुलीचं, मनीषाचं लग्न ठरलं ते मुरबाडकडच्या घरात. हळदीला कोण गाणार हा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघून हसले, की तुम्हाला गायकांची काय कमी. मी बबन म्हटलं. हसणं थांबलं.

नंतर स्वयंपाकघरात बायको बोलली. "पंचवीस वर्षं तुम्ही कुणाकुणाची गाणी फिरवलीत, मी कधी मध्ये पडले नाही. माझी एकच मुलगी आहे. तुमची जाहिरात दुकानाबरोबर संपली." गावोगाव मंडपवाल्यांना, नवऱ्यांच्या बापांना मी इतकी वर्षं जे पटवत होतो ते माझ्या चुलीपुढं मला बोलता येईना. खरं सांगायचं तर मलाही भीती होती. पोरीचा मामला होता.

ताई आदल्या आठवड्यापासून आमच्याकडे राहायला आली होती. ती पापड लाटत सगळं ऐकत होती. भाऊजी गेल्यापासून ती हळदीच्या दिवशी आतल्या खोलीत बसते, कुणाला सांगावं लागत नाही. ती लाटणं न थांबवता बोलली, "वहिनी, माज्या मालकाला बबननं पोचवलं. तवा त्याचा आवाज सगल्यांना चांगला वाटला. मंग आता का नाय?"

"ताई, ते वेगळं."

"वेगलं कसं? मी पन हलदीला आतच बसते ना. आत बसून सगलं ऐकू येतं. नाव कुनाचं घेतलं, कुनाचं नाय घेतलं. तो बिचारा बाहेर असून माज्यासारखाच आत हाय, एवढंच." तिनं पापड उचलून कापडावर टाकला. "पोरीचं वाईट व्हावं असा त्याचा आवाज नाय गो. मी ऐकलाय तो. माज्या आयुष्यातल्या सगल्यात वाईट दिवशी ऐकलाय. त्या दिवशी तेवढंच एक चांगलं होतं."

बायकोनं पिठाची परात बाजूला सारली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ती पुढं काय बोलेल याचा मला अंदाज येत नाही. ती म्हणाली, "बोलवा त्याला. पण तो गाणार असेल तर ताई, तुम्ही बाहेर मांडवात बसायचं. खांबाला टेकून, माझ्या शेजारी. नाहीतर दोघंही नको." ताईचं लाटणं तेव्हा थांबलं.

बबनला सांगायला मी स्वतः गेलो. त्याचे केस पांढरे झाले होते. तो हरखला नाही, उलट घाबरला. "नको दादा. मयताला माजं काय चुकलं तरी कुनाला कलत नाय. तुमच्या पोरीच्या हलदीत उद्या काय झालं, साधा ताप आला, तरी बोल मला लागंल. तुमी नाय लावनार, पन लोक लावतील." मी म्हटलं, ताईनं सांगितलंय. त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "पेटी तिथं हाय का मी आनू?"

हळद दुपार कलल्यावर होती. मुरबाडकडून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन चार माणसं आली, त्यांना मांडवात खुर्च्या दिल्या, चहा दिला. त्यांच्यात नवऱ्याचे एक थोरले चुलते होते, पांढऱ्या टोपीचे, फार न बोलणारे. बबन कोपऱ्यात पेटी घेऊन बसला होता, धुतलेला पांढरा सदरा, डोळे खाली. आमच्या भावकीतल्या बायकांनी त्याला ओळखलं होतं. कुजबुज चालली होती. पहिलं गाणं त्यानं सुरू केलं ते खुर्च्या सरकवण्यात, पोरांच्या ओरडण्यात वाया गेलं. ते तसंच जाणार हे आम्हा दोघांना माहीत होतं.

दुसरं गाणं त्या पहिल्या कॅसेटमधलं, तेच. मांडव हळूहळू शांत झाला. ओळीच्या टोकाला आवाज हलत होता आणि मला एकदम ओढ्याची वाट आठवली. मला वाटलं, आपण चुकलो. सगळ्यांना तेच आठवत असणार. पण त्यानं लय चढवली, नाचरी केली, आणि नावं घ्यायला लागला. आईचं नाव घेतलं, बायको उठली, मनीषाच्या गालाला हळद लावली. मामी झाली, मावशी झाली. काक्या झाल्या. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या.

मग तो क्षणभर थांबला. पेटीचा भाता चालूच होता. आणि त्यानं ओळ घेतली:

"आत्याबाय अनसूया, मांडवाच्या खांबाला,
ये गो माज्या माऊली, हलद लाव नवरीला."

टाळ्या थांबल्या. अनसूया म्हणजे ताईच. ती जागची हलली नाही. गाण्यात नाव घेतलेली बाई उठली पाहिजे, हा रिवाज. विधवेचं नाव घ्यायचं नाही, हाही रिवाज. दोन्ही एकदम समोर आले होते आणि काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. बबन तीच ओळ पुन्हा गायला. तिसऱ्यांदा गायला. तो ती सोडणार नव्हता. तेव्हा मनीषा पाटावरून मागे वळली आणि म्हणाली, "आत्या, ये ना गो. हळद वाळते." बायकोनं वाटी ताईपुढं धरली. ताई उठली. तिनं लावलेली हळद गालावर कमी आणि कानावर जास्त लागली. बबननं लगेच पुढची ओळ धरली, जोरात, आणि पोरं नाचायला उठली. मी मांडवाच्या मागं जाऊन डोळे पुसून आलो. भाऊजींची फार आठवण झाली.

नाच संपल्यावर टोपीवाले चुलते उठले. मला बाजूला घेतलं. "गडी चांगला हाय. आमच्या धाकट्याचं वैशाखात लगीन हाय. हा हलदीचीच गातो का?"

ते बबनच्या बाजूचे नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. सगळ्या आयुष्यात मी असल्या प्रश्नांना पटकन हो म्हणत आलो. तोंडात हो आलंच होतं. पण बबन पेटी बांधत जवळच बसला होता, त्यानं ऐकलं. मान वर करून तो बोलला, "दोनी गातो, काका. हलदीला गातो, मयताला गातो. आमच्याकडं मयतालाच जास्त बोलावतात. आधी सांगितलेलं बरं."

चुलते त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"बरा हाय मंग," ते म्हणाले. "आमच्याकडं हलदीला ये. दुसऱ्या कामाला बोलवायची आमाला काय घाई नाय."

बबन हसला. इतक्या वर्षांत त्याला असं दात दिसेपर्यंत हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

चुलत्यांनी गावाचं नाव सांगितलं. बबन पेटीची दोरी हातात तशीच धरून ते नाव तोंडातल्या तोंडात पुन्हा पुन्हा म्हणत बसला, ओळीत बसतंय का ते बघत.